आमच्यानंतर काय, आणि आत्ता काय

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांशी बोलायला बसा. चहा संपण्याआधी एक प्रश्न निघतोच. "आमच्यानंतर याचं काय?" महाराष्ट्रातले या क्षेत्रातले बरेचसे काम याच काळजीतून उभे राहिले. सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली पुण्यात 'कामायनी' सुरू केली, तेव्हा अनेक घरांत पाहुणे आले की अशा मुलाच्या खोलीचे दार लोटून घेतले जाई. पुढे पालकांनी आणि शिक्षकांनी पदरमोड करून शाळा, कर्मशाळा, निवासी संस्था उभ्या केल्या. या पुस्तकाचे पहिले नमन त्यांना.

मात्र पुस्तकाचा विषय त्या प्रश्नाच्या अलीकडे आहे. काही वर्षांपूर्वी एका कर्मशाळेत गेले होते. तिशीतला एक तरुण कागदी पिशव्यांना खळ लावत बसला होता. मी सवयीने तिथल्या ताईंना विचारले, "हा किती वर्षं आहे इथे?" हातातली पिशवी खाली न ठेवता उत्तर त्यानेच दिले. "आठ. पिशव्या नको वाटतात. पणत्या आवडतात." ताई ओशाळल्या, मी त्याहून अधिक. (पणत्यांचे गिऱ्हाईक दिवाळीपुरते आणि पिशव्यांचे बारमाही, ही ताईंची अडचणही खरीच.)

नव्या वाचकांनी पुस्तकात येणाऱ्या कायद्याच्या कलमांना बिचकू नये. ती पालकांच्या बोलण्याइतकीच घरगुती प्रश्नांची आहेत. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा 'आमच्यानंतर'चे उत्तर शोधतो : अठरा वर्षांपुढील व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्याला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा आला. त्यातले मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते असते. पालकाने त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या कलाने, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. हे दोन कायदे आज एका घरात नांदतात. गुण्यागोविंदाने नांदतात असे म्हणवत नाही.

काळजी कुठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने १९९४ साली पाहिले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी रान उठवले. त्या वेळचे समर्थन आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्याची भाषा क्रौर्याची नाही, मायेची आहे. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंदीगडच्या नारी निकेतनातील एका गरोदर तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. अक्षमता सौम्य होती, आणि मूल हवे असे ती सांगत होती. उच्च न्यायालयाने दिलेला गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने थांबवला : तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही. हा निकाल तुम्ही सावकाश वाचावा, अशी विनंती आहे. मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी, हा भेदही त्यात नीट मांडलेला सापडेल.

मतदानाविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून एवढेच नोंदवते, की सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याखेरीज बौद्धिक अक्षमतेच्या कारणासाठी कुणाचे नाव मतदार यादीतून वगळता येत नाही. 'मतिमंद' या शब्दाबद्दलही पुढे चर्चा आहे. १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्याच्या मराठी वापरात तो सर्रास होता, कित्येक शाळांच्या पाट्यांवर अजून आहे. मी तो टाळते. पण पाटी रंगवून घेतली म्हणून आतली वागणूक बदलते, असा माझा अनुभव नाही.

वाचकांनी शक्य तर शेवटचे प्रकरण आधी वाचावे. त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती स्वतः बोलल्या आहेत : पगार कुणाच्या हाती येतो, मोबाइल का मिळत नाही, लग्नाचा विषय काढला की घरात काय होते. वाक्ये तुटक आहेत, एखादी गोष्ट तीनदा येते. ती सरळ करण्याचा मोह आम्ही टाळला. मधूनमधून ओळी कोऱ्या दिसतील. तिथे बोलणारा थांबला होता, आणि लिहून घेणाराही.