मातृभाषा आणि शेजाऱ्याची भाषा

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास-संशोधनाची परंपरा रुजविणारे येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांना आम्ही ‘स्पॅनिश फादर’ म्हणतो. त्यांचा जन्म १८८८ साली बार्सिलोना येथे, म्हणजे कॅटलोनियात झाला. त्या प्रांतात स्पॅनिशबरोबर कॅटलान ही स्वतंत्र भाषा नांदते. स्पेनपासून विभक्त होऊ पाहणाऱ्या तेथील लोकांना स्पॅनिश नकोशीच असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

१७१६ च्या राजाज्ञेने तेथील वरिष्ठ न्यायालयाचे कामकाज स्पॅनिशमध्ये नेले. १९३९ नंतर फ्रँकोच्या राजवटीत शाळा-कचेऱ्यांतून कॅटलान हद्दपार झाली. ज्या माँटसेराट येथे संत इग्नेशियस यांनी १५२२ साली पवित्र मरियेपुढे तलवार ठेवली, तेथील बेनेडिक्टाईन मठाने या भाषेला आसरा दिला. मठाधिपती एस्कारे यांनी १९६३ साली एका फ्रेंच दैनिकातून राजवटीवर टीका केली. १९६५ साली त्यांना देश सोडावा लागला.

त्याच काळात आंदालुसिया, मुर्सिया अशा गरीब भागांतून लक्षावधी माणसे पोटासाठी कॅटलोनियात आली. त्यांची मातृभाषा स्पॅनिश. जुलमी सत्तेची भाषा तीच आणि कष्टकरी शेजाऱ्याचीही तीच! लेखक फ्रान्सिस्को कांदेल यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या मंडळींना ‘दुसरे कॅटलान’ म्हटले. १९८३ च्या कायद्याने कॅटलानला शिक्षणात मानाचे स्थान दिले. पण भाषेवरून मुलांच्या वेगवेगळ्या शाळा करू दिल्या नाहीत.

स्वातंत्र्यवाद्यांतही यावरून दोन मते दिसतात. २०१३ साली स्थापन झालेली ‘सुमाते’ ही संघटना स्पॅनिशभाषक स्वातंत्र्यवाद्यांचीच होती. उलट, २०१६ साली ‘कोइने’ गटाच्या पत्रकाने द्विभाषिकतेवर झोड उठविली आणि फ्रँकोकाळातील स्थलांतरितांना भाषिक वसाहतवादाचे अजाण साधन ठरविले. स्वातंत्र्यवाद्यांतूनच त्यावर टीका झाली. तरीही त्या गटाची धास्ती निराधार नव्हती. २०२३ च्या सरकारी पाहणीत कॅटलान ही नित्य व्यवहाराची भाषा सांगणारे केवळ ३२.६ टक्के होते.

ज्या व्हॅटिकन परिषदेने आमच्या वेदीवर मराठी आणली, तिनेच त्यांच्या वेदीवर कॅटलान आणली. मातृभाषेत प्रार्थना करण्याचे सुख आम्ही जाणतो. म्हणूनच आम्हांस वाटते, दुबळी होत चाललेली भाषा जपणे हे कर्तव्यच आहे; परंतु शेजारच्या घरातील माउली ज्या भाषेत अंगाई गाते, त्या भाषेला शत्रू मानून ते पार पडणार नाही.