७५ लाख डॉलरची पाटी

१/७
दुकान उघडण्याआधी नुसत्या पाटीसाठी कोणी ७५ लाख डॉलर मोजील का? १९९९ साली अमेरिकेत ते घडले. ‘बिझनेस डॉट कॉम’ या नावाला ही किंमत आली. विकणाऱ्याने तेच नाव १९९५ मध्ये दीड लाख डॉलरला घेतले होते.

२/७
हा बाजार फार जुना नव्हता. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदवले गेले. त्यानंतर दहा वर्षे नोंदणीस शुल्कही नव्हते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले.

३/७
मग साधे शब्द इतके महाग का झाले? तेव्हाची सर्च इंजिने अपुरी होती. अनेक जण हव्या त्या वस्तूचे नाव लिहून पुढे ‘डॉट कॉम’ जोडून पाहत. म्हणजे नाव हीच जाहिरात. शिवाय प्रत्येक शब्द एकालाच मिळणार होता.

४/७
परंतु पाटी म्हणजे दुकान नव्हे. ‘पेट्स डॉट कॉम’ने फेब्रुवारी २००० मध्ये समभाग विकून सुमारे ८ कोटी डॉलर उभारले आणि नोव्हेंबरमध्ये कारभार गुंडाळला. पाळीव प्राण्यांचे जड खाद्य खरेदीकिंमतीहून स्वस्त विकून घरपोच देण्याचा तोटा कोणत्याही नावाने भरून निघणारा नव्हता.

५/७
याच कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या ‘अ‍ॅमेझॉन’ने १९९५ मध्ये पुस्तकविक्री सुरू केली, ती एका नदीचे नाव घेऊन. त्या नावात पुस्तकांचा मागमूस नव्हता. म्हणूनच पुढे इतर वस्तू विकताना ते आड आले नाही.

६/७
‘बिझनेस डॉट कॉम’ २००७ मध्ये सुमारे ३४.५ कोटी डॉलरला विकले गेले खरे. पण तोवर त्या पाटीमागे उद्योगांची सूची आणि जाहिरातींचा चालता धंदा उभा होता.

७/७
सर्वांचा शब्द एकाचा होऊ शकतो का? ३० जून २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ‘बुकिंग डॉट कॉम’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी ग्राह्य धरली, कारण ग्राहक ते एका विशिष्ट कंपनीचे नाव म्हणून ओळखत होते. मात्र असे चिन्ह दुबळेच ठरते, हे खुद्द कंपनीने मान्य केले होते. पत्ता तिचा झाला. ‘बुकिंग’ हा शब्द सर्वांचाच राहिला.