मूळ कागद कुठे आहेत?

इब्रामपूरच्या आमच्या घरी माडीवर फणसाच्या लाकडाची एक पेटी होती. तिच्यात तीन रुमाल कागद होते. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचे चौकोनी फडके. जुन्या दप्तरांत कागदांची मोजणीही रुमालांवरच होई. बहुतेक कागद मोडीतले, काही पोर्तुगीज भाषेतले. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीच्या खेम सावंतांकडून पोर्तुगिजांकडे गेला. गाव एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्या राज्यात, अशी तेव्हापासूनची आमच्याकडील रीत आहे. त्यामुळे पेडण्यातल्या जुन्या घरांत ही सरमिसळ सापडतेच.

ते कागद आता नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात तिळारीचे पाणी गावात चढले, तेव्हा पेटी खालच्या खोलीत होती. कौले परतायची म्हणून मे महिन्यात मीच ती खाली उतरवून घेतली होती आणि पुन्हा वर न्यायची राहिली. दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पाणी ओसरल्यावर पेटीत उरला तो लगदा.

मनाला एकच आधार होता. २००९ च्या चवथीला पुतण्या घरी आला होता. आपल्या नव्या कॅमेऱ्याने त्याने दोन दिवस बसून एकेका कागदाचे छायाचित्र घेतले होते. एकूण २४०. ती सारी संगणकातल्या संग्रहात ओळीने मांडलेली दिसत. पूर आला तेव्हाही मी म्हटले, कागद गेले तरी अक्षर वाचले.

त्या कागदांत एका विधवेचा अर्ज होता. पुतण्याने छायाचित्रे घेतली त्या वर्षीच मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी तो मला वाचून दाखवला होता. बाई आमच्याच घरातली, पणजोबांच्या आजीच्या पिढीची. कुळागराच्या पाण्याची आपली पाळी भाऊबंद बुडवतात, अशी तिची तक्रार होती. खाली तिचे नाव होते. ते मी टिपून ठेवले नाही. कागद घरातच आहे, केव्हाही पाहता येईल, असे त्या वेळी वाटले. आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बायकांच्या जागी नुसती रेघ आहे. गेल्या वर्षी वंशावळ नव्याने लिहायला घेतली तेव्हा त्या अर्जाची आठवण झाली.

संग्रह उघडला. छोट्या चौकटींत २४० कागद दिसले. अर्जाच्या चौकटीवर टिचकी मारली तर सूचना आली की मूळ फाइल सापडत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या चौकटीवरही तेच. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, चित्र दिसता म्हणून फायल आसा अशें न्हय."

पुतण्याचे हे बोलणे मला पुरते समजायला आठवडा लागला. असा संग्रह पुष्कळदा छायाचित्रे स्वतःजवळ ठेवीतच नाही. तो प्रत्येकाची एक इवली प्रत करून घेतो आणि मूळ फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आहे तो पत्ता तेवढा लिहून ठेवतो. मूळ फाइल कुणी हलवली तरी इवली प्रत जागच्या जागी दिसत राहते. त्या प्रतीत वाचण्यासारखे काही नसते. पुतण्याच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या एका पानाची उंची ३२६४ बिंदूंची होती, चौकटीतल्या प्रतीची २५६. तीस ओळींच्या कागदाचा हिशेब केला तर मोडीच्या एका ओळीला जेमतेम आठ बिंदू येतात. शाईच्या रेघा दिसतात, अक्षर लागत नाही.

इथे मला आपल्या गोव्याच्या दप्तरखान्याची गोष्ट आठवली, आणि खरे तर तिच्यामुळेच शोधाची दिशा मिळाली. हा दप्तरखाना १५९५ सालचा. इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचा पहिला रक्षक. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांवर येत-जात. त्या टपालाचे कागद वर्षावर्षाने बांधून ठेवीत, म्हणून त्या ग्रंथांना मोसमाचेच नाव पडले: 'लिव्हरुश दश मोंसोंयश'. ह्या मालिकेतले जुने ६२ ग्रंथ १७७७ च्या सुमारास सरकारी हुकमाने लिस्बनला गेले. उरलेली मालिका गोव्यातच राहिली. ज्याला हे ठाऊक नाही तो ती पोकळी पाहून वाळवीला नाही तर पावसाला बोल लावील. प्रत्यक्षात ते ग्रंथ सुखरूप होते. १८८० पासून लिस्बनमध्ये ते छापलेही जाऊ लागले. नष्ट काहीच झाले नव्हते, बदलला होता तो पत्ता.

पत्त्याचे महत्त्व ओळखणारा माणूस आपल्याच मुलखाने दिला. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्लें गावचे, जन्म १८९४ चा. ते ह्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. मराठी वाचकांना त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा १९६७ चा ग्रंथ माहीत असतो. माझ्या लेखी १९५५ साली त्यांनी छापलेली दप्तरांची मार्गदर्शिका अधिक मोलाची. कोणता कागद कुठे आहे हे सांगणाऱ्या पुस्तकाला कोणी गौरवीत नाही, पण त्याच्यावाचून बाकीची पुस्तके लिहिली जात नाहीत.

तेव्हा मी फाइल कुठे आहे हे विचारणे सोडले आणि ती कुणी, केव्हा हलवली हे विचारू लागलो. २०१४ साली संगणक मंदावला म्हणून पुतण्याने सारे जड फोल्डर एका बाह्य डिस्कवर काढून ठेवले होते. डिस्क त्याच्याबरोबर आखातात गेली, तिथून परत म्हापशाला त्याच्या घरी आली आणि कपाटात पडून राहिली. ती आणून जोडली तरी चौकटी मुक्याच, कारण संगणकाने डिस्कला पूर्वीचे अक्षर न देता दुसरेच दिले होते. संग्रह जुन्याच दारावर थाप मारीत होता.

नवा पत्ता सांगता येतो. नावावरून तो फाइली शोधून घेतो. पण इथेही एक फसगत आहे. कॅमेरा आपल्या फाइलींना नुसते क्रमांक देतो आणि ९९९९ झाले की पुन्हा एकपासून सुरुवात करतो. अर्जाच्या चौकटीमागे संग्रहाने आणून बसवले ते कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचे छायाचित्र! एकाच नावाच्या दोन फाइली होत्या. तेव्हा नाव सोडून छायाचित्र घेतल्याची तारीख-वेळ आणि फाइलीचा आकार पाहत बसलो. कॅमेरा ही वेळ फाइलीतच लिहून ठेवतो. फोनवरून नातलगांना पाठवलेल्या प्रती मात्र इथे उपयोगी पडल्या नाहीत; त्या वाटेत आक्रसतात आणि वेळही गाळतात.

चार रात्री ह्यात गेल्या. २४० पैकी २२६ सापडली. विधवेचा अर्ज त्यांत होता. पडदाभर मोठा केला तेव्हा कागदाची घडी आणि कोपऱ्यातला हळदीचा डागही दिसला. सावंतवाडीच्या एका मोडी जाणकाराने शेवटची ओळ लावून दिली. वंशावळीत त्या जागची रेघ खोडून मी नाव लिहिले. पुढे कंसात अर्जाच्या फाइलीचा क्रमांक, छायाचित्राची तारीख आणि डिस्क कुणाच्या घरी आहे तेही लिहिले. वंशावळीत असे लिहीत नाहीत असे थोरले काका म्हणाले. मी लिहिले.

सर्व फाइलींची एक प्रत आता डिचोलीला बहिणीकडे आहे.

चौदा कागदांच्या अजून चौकटीच आहेत. त्यांतला एक पोर्तुगीज भाषेतला असावा, वर शिक्का दिसतो. पुतण्या म्हणतो, २००९ साली त्याने एक सीडी बांद्याच्या आत्याकडे दिली होती. आत्याचे घर मध्यंतरी बदलले. चवथीनंतर जायचे ठरले होते, पण पावसाने उसंत दिली नाही. आता भातकापणी आटोपली की जाऊ.