ल मॉर्नचं लाल फूल

मॉरिशसला सुट्टीत जाणारे समुद्र बघून परततात. रानफुलं शोधणाऱ्यानं ल मॉर्नच्या काळ्या कड्याकडे वळावं. ज्वालामुखीतून घडलेल्या या बेटाचं 'दिना अरोबी' हे अरबी वळणाचं नाव १५०२च्या नकाशात आहे. शाळेत मात्र आपण डचांपासूनच सुरुवात करतो! पुढे ऊस आला, मूळ जंगल गेलं. हॉटेलांच्या बागेतला गुलमोहरही मादागास्करचा. 'बुक्ल दोरेय', म्हणजे कानातलं, हे १९९२पासूनचं राष्ट्रीय फूल रानात फक्त याच डोंगरावर उरलंय. त्याचा मधही लालसर. मळ्यांतून पळालेले गुलाम याच कड्याच्या कपारींत लपत. कडा चढायला अवघड, म्हणून माणसांना आसरा मिळाला आणि फूलही टिकलं. १८३५मध्ये गुलामगिरी संपली. युनेस्कोनं २००८मध्ये डोंगराला जागतिक वारसा म्हटलं, ते या पळालेल्यांसाठी.