टाका कुणाचा, गोधडी कुणाची



पाणी गाळायच्या कापडाबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर दोघी-तिघींनी विचारलं की घरातल्या जुन्या सुती लुगड्यांचं आता काय करायचं? उत्तर एका शब्दाचं आहे, गोधडी. पण या शब्दामागे बराच इतिहास आहे, आणि तो सहसा कुणी लिहीत नाही, कारण गोधडी फाटली की तीच पुढच्या गोधडीच्या पोटात जाते. तांब्याचं भांडं शंभर वर्षं टिकतं, देव्हारा टिकतो. गोधडी मात्र वापरून संपते.

शब्द तरी जुने आहेत. संस्कृतात ‘कन्था’, म्हणजे चिंध्या जोडून केलेलं पांघरूण, बैराग्याची खूण. त्यातूनच बंगालची कांथा आली. आपल्याकडे गोधडी, कुठे वाकळ, कर्नाटकच्या सीमेकडे कौदी. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, तिच्यातही हे शब्द आहेत. आणि आपल्या विदर्भात तर गोधडीवरून माणसालाच नाव पडलं. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावर ठिगळांचं वस्त्र घालून गावोगाव झाडू मारत फिरायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत.

आता शिवायची रीत सांगते, कारण खरी गंमत तिच्यातच आहे. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की एक थर. म्हणजे एका लुगड्यात गोधडीचे दोन थर निघतात, एक खालचा आणि एक वरचा. मधे काय घालायचं ते घरात काय फाटलंय त्यावर ठरतं. धोतर, पंचे, सदऱ्यांच्या पाठी, परकराचा घेर. बाह्या आणि गुडघे आधी झिजतात, पाठ शाबूत राहते, म्हणून गोधडीत पाठी जास्त. थर सपाट जमिनीवर अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पितळी डबे ठेवायचे, हाताने सुरकुत्या बाहेर काढायच्या आणि लांब कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. मग कडेने धावदोरा सुरू. एक फेरी झाली की बोटभर अंतर सोडून आतली फेरी, असं मध्याकडे सरकत जायचं. मधून सुरुवात केली तर कापड कडेला गोळा होतं, हे एकदा केल्यावरच कळतं.

वरच्या ठिगळांचा नकाशा कुणी काढत नाही. लाल तुकडा हातात आला, त्याच्याशेजारी निळा बरा दिसेल असं वाटलं, पण निळा वीतभर कमी पडला, म्हणून तिथे हिरव्या काठाची पट्टी लागली. पाहणाऱ्याला ती पट्टी मुद्दाम लावल्यासारखी वाटते. चार जणी चार बाजूंनी बसल्या असतील तर चौघींचे चार निर्णय मधे येऊन भिडतात. तिथे थोडं भांडण होतं, थोडं हसू होतं, आणि बहुतेक वेळा सर्वांत वयस्कर बाईचं चालतं.

हे कापड आलं कुठून? आधी उमरेड-पवनीच्या कोष्ट्यांच्या मागावरून. मग १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचं कापड खेड्यांपर्यंत पोचू लागलं. तरी मुबलक कधीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हा लुगडं मधे विरलं की ते कापून, चांगल्या कडा जोडून, दंड घालून पुन्हा नेसायचं अशी वेळ घरोघरी होती. दंडाचं लुगडं जेव्हा नेसवेना तेव्हाच ते गोधडीत जाई. म्हणजे गोधडीपर्यंत पोचायच्या आधी त्या कापडाचा एक जन्म होऊन गेलेला असे. नंतर टेरिलीन-नायलॉनच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, पण गोधडीला निरुपयोगी. सुई सटकते, घाम टिपला जात नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर सुतासारखी नुसती काळी न पडता वितळून अंगाला चिकटते. माझ्या मते गोधडी कमी होण्याचं मोठं कारण हेच, आळस नाही. आळसाचा दोष आपण सुनांना उगाच देतो.

आपल्या सैतवाळांच्या अनेक घरांत कापडाचा आणि शिवणकामाचा धंदा पिढीजात, त्यामुळे कातरणीला तोटा नव्हता. त्यातही आपले नियम होतेच. विदर्भातलं करवती काठाचं टसर कितीही देखणं असलं तरी कोश उकळून काढलेलं रेशीम म्हणून आमच्या घरच्या गोधडीत त्याचा तुकडा गेला नाही. आणि कापूस भरलेल्या रजईपेक्षा गोधडी बरी असं आजी म्हणायची, ते ढेकणांमुळे. रजईत ढेकूण झाले तर करायचं काय? मारता येत नाहीत आणि झोपही येत नाही. गोधडी अखंड धुता येते, उन्हात वाळवता येते, झटकता येते. मुळात ढेकूण होऊच नयेत ही सोय तिच्यात आहे.

मोहर्लीला आत्याचं छोटं दुकान होतं, किराणा आणि थोडं कापड. आज मोहर्ली म्हटलं की ताडोब्याचं फाटक, जिप्सींची रांग आणि पहाटेच्या थंडीत ब्लँकेटात गुरफटलेले पर्यटक आठवतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. पण थंडी आधीपासूनची आहे. दिवाळी झाली की आत्या वर्षभराची कातरण काढायची आणि गावातल्या तीन-चार बायकांना बोलवायची. ओसरीवर दुपारभर गोधडी चालायची. मोबदला म्हणून पायलीभर तांदूळ आणि उरलेली कातरण. त्या बायकांच्या घरी त्या कातरणीच्या ज्या गोधड्या झाल्या त्या आमच्यापेक्षा सुंदर असायच्या, हे आत्याही मान्य करायची. आमच्या गोधडीत एकसारखे चौकोन हवेत असा तिचा आग्रह असे. स्वतःसाठी शिवताना त्यांना कुणाचा आग्रह नव्हता.

आम्ही मात्र नेहमी म्हणत आलो, ‘ही आमच्या घरची गोधडी’. लुगडं आजीचं, कातरण दुकानाची, हे खरं. पण हजारो टाके घातले ते ज्यांनी घातले त्यांची नावं घरात कुणाला सांगता येत नाहीत. चुलतबहिणींना विचारलं, आत्येभावाला विचारलं. ‘त्या मागच्या गल्लीतल्या बाया’ एवढंच सगळ्यांना आठवतं.

हे आपल्याच घरात घडलं असं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, पूर्वीच्या गुलाम कुटुंबांची. तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या पँटी, पोती, मिळेल ते जोडून गोधड्या शिवत आल्या. ठरलेला नमुना न घेता मनाने शिवलेल्या गोधडीला त्यांच्यात ‘माझ्या रीतीची’ म्हणतात. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि गोधडीचे पैसे त्यांच्या हातात येऊ लागले. २००२ साली त्यांच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. त्यानंतर हक्क आणि पैसा कुणाचा यावरून त्यांतल्या काही जणी कोर्टातही गेल्या. मला त्यांचं कोर्टात जाणं आवडलं.

आपल्याजवळचं उदाहरण उत्तर कन्नडच्या जंगलातलं, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांचं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे गोव्याच्या पोर्तुगीजांमार्फत. त्यांच्या कवंडीची रीत आपल्यासारखीच, कडेकडून मध्याकडे. पण शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्याला ‘फूल’ म्हणतात. फूल नसेल तर कवंडी उघडी राहिली असं त्या मानतात. २००४ साली त्यांचीही सहकारी संस्था झाली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या सिद्दी बायका आहेत आणि ठिगळांत कुठे क्रूस तर कुठे चंद्रकोर दिसते.

मोहर्लीच्या आजूबाजूला २००७ पासून गाभ्यातली गावं हलवायला सुरुवात झाली. बोटेझरी, कोळसा, पुढे नवेगाव, जामणी. घर, शेत, मोहाची झाडं मागे राहतात, पण गोधडी बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसते. अशा घरांतल्या जुन्या गोधडीत पहिल्या गावच्या बाजारातलं कापड अजून असेल, आणि शेजारणींचे टाकेही, ज्या आता दुसऱ्याच वसाहतीत राहतात.

यंदा आम्ही पाच जणी गोधडी शिवतोय, तीन आपल्या समाजातल्या आणि दोघी मोहर्लीच्या. कापड सगळं सुती, चौकोनांचा आग्रह सोडला आहे. कडेची फेरी झाली, आतल्या चार झाल्या. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पाचही नावं दोऱ्याने घालायची असं ठरलं. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, ‘मले लिहिता येत नाही वं.’ मग त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर मी पेन्सिलीने काढून दिलं, आणि त्यांनी त्यावरून लाल दोऱ्याने आमच्या सगळ्यांपेक्षा बारीक टाके घातले.