कुदळ-फावड्याचा रस्ता

मेलबर्नला ऑनसाइट गेलेला मराठी माणूस पहिल्या लाँग वीकेंडला काय करतो? गाडी भाड्याने घेतो आणि ग्रेट ओशन रोड गाठतो. आम्हीही तेच केलं. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून ड्रायव्हिंग, त्यामुळे टेन्शन नव्हतं. टॉर्कीहून निघालं की डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर आणि दर दोन मिनिटांनी मागून आवाज, "अरे थांबव, फोटो!"

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर एक लाकडी कमान आहे. सगळे फोटो काढतात आणि सटकतात. मीही सटकणारच होतो, पण शेजारी दोन मजुरांचे ब्राँझचे पुतळे दिसले. हे कोण बुवा? बघायला गेलो आणि अडकलोच.

हा २४३ किलोमीटरचा रस्ता म्हणजे एक युद्धस्मारक आहे! पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची सुमारे ६० हजार माणसं गेली, तेव्हा देशाची लोकसंख्या ५० लाखही नव्हती. जे परत आले त्यांना काम हवं होतं. गीलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी पुढाकार घेतला, ट्रस्ट निघाला, वर्गणी आणि कर्जातून पैसा उभा राहिला. १९१९ च्या सप्टेंबरात काम सुरू झालं. पुढच्या तेरा वर्षांत सुमारे ३ हजार माजी सैनिक इथे राबले. मेलेल्या दोस्तांचं स्मारक जगलेल्यांनी स्वतः खोदायचं, असा सगळा प्रकार.

आणि खोदायचं म्हणजे खरोखर खोदायचं. कुदळ, फावडं, हातगाडी आणि सुरुंग. राहायला तंबू. आठ तासांचे साडेदहा शिलिंग. करमणुकीला छावणीत पियानो आणि ग्रामोफोन होता म्हणे. १९२४ मध्ये 'कसिनो' नावाचं जहाज केप पॅटनजवळ खडकावर आदळलं. ते हलकं करायला बिअरची ५०० पिंपं आणि दारूची १२० खोकी समुद्रात टाकावी लागली. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. काम दोन आठवडे बंद! (प्रोजेक्ट प्लॅनमध्ये ही रिस्क कोणी लिहिली असेल?)

आपल्याकडे अनेक गावांत एक जुना दगड दिसतो, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले असं सांगणारा. त्यातल्या आकड्यापलीकडे त्या माणसांचं काहीच कळत नाही. इथे निदान त्यांच्या हाताचं काम तरी पायाखाली आहे.

ट्रस्टने कर्ज फेडायला टोलही घेतला, मोटारीला दोन शिलिंग. १९३६ मध्ये रस्ता सरकारकडे गेला आणि टोल चक्क बंद झाला. आपल्याला पटायला जरा जड जातं, पण झाला. असो.

हिचकॉकना मात्र पूर्ण झालेला रस्ता बघायला मिळाला नाही. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि २६ नोव्हेंबरला उद्घाटन झालं. त्या दिवशी मिरवणुकीत राज्यपालांच्या गाडीमागे हिचकॉक यांची गाडी चालवत नेली, मालकाविना.

पुढे ट्वेल्व्ह अपोस्टल्सही बघितले. सुंदर आहेत, प्रश्नच नाही. २००५ मध्ये त्यातला एक सुळका कोसळला, आता आठच उरलेत. फोटो तुम्ही बघितलेच असतील. जाणार असाल तर कमानीपाशी मात्र दहा मिनिटं जास्तीची ठेवा. पार्किंग छोटं आहे, सकाळी लवकर पोचा.