नटाचे बिऱ्हाड आणि नटाची ‘नाईट’

जुन्या नाटक मंडळ्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. कोणाचा आवाज कसा होता, कोणत्या पदाला किती ‘वन्समोअर’ मिळाले, कोणाचा शालू किती भारी होता, हे सारे वाडवडिलांनी आपल्याला सांगितलेले असते. पण एक साधा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ही माणसे महिनोन् महिने गावोगाव फिरत, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा, जेवणाचा, आजारपणाचा भार कोणावर असे? आणि खेळच झाला नाही, तर झळ कोणी सोसायची? या प्रश्नाच्या मागे गेले, म्हणजे मराठी रंगभूमीचा निराळाच इतिहास हाती लागतो.

आरंभ सांगलीपासून करू. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तोवर नटाच्या पोटाची चिंता संस्थानाची होती. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि हा आधार गेला. मग भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. गंमत पहा, त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली; पण बोरघाटातून गाडी जाऊ लागली ती 1863 मध्ये. म्हणजे घाटावरच्या मंडळींना मुंबई गाठायची, तर घाट उतरायचा तो गाडी-बैलाने नाही तर पायी. राजाची जागा तिकिटाने घेतली, आणि वाटेची सारी जोखीम मंडळीच्या गळ्यात आली.

ही जोखीम वाटून घेण्यासाठी जी व्यवस्था निघाली, तिचे नाव ‘बिऱ्हाड’. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ही व्यवस्था पक्की झाली. मंडळी गावात आली, की एखादा वाडा भाड्याने घ्यायची. बरोबर आचारी, पडदे, पेट्या, साजिंदे. सर्वांची पंगत एक. गाडीभाडे, जेवण आणि मुक्काम हा खर्च कंपनीचा, पगार त्याखेरीज. पण सर्वांचे नाते सारखे नव्हते, बरं का! काही जण भागीदार, म्हणजे नफ्यातोट्याचे धनी. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, ती बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत. बाकीचे पगारी नोकर. आणि काही नुसती मुले: दोन वेळचे जेवण आणि गाण्याची तालीम, एवढ्यावर राहिलेली.

या व्यवस्थेत माया होती, हे खरेच. उत्पन्न पडले तरी चूल पेटे. परंतु उत्पन्न पडले की पगार तुंबे, आणि तुंबलेला पगार मागायचा कोणाकडे? लेखी करार क्वचितच. मालक भला असला तर ‘बेनिफिट’चा एखादा खेळ लावून द्यायचा. तो त्याचा चांगुलपणा. नटाचा हक्क नव्हे.

संकट आले म्हणजे हे नागडे दिसे. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. 1897 च्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ज्याचे पोटच प्रवासावर, त्याला हा केवढा अडथळा! कायद्यात प्रवाशाला अडविण्याची तरतूद होती. अडकलेल्या प्रवाशाच्या बुडालेल्या रोजीची तरतूद नटापुरती कुठेच नव्हती.

पुढे कायद्यांची नजर नाटकावर पडली, पण ती तिकिटावर. 1923 मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. 1936 मध्ये वेतन वेळेवर देण्याचा कायदा आला. तो प्रथम लागू झाला कारखान्यांना आणि रेल्वेला. म्हणजे गाडीला हिरवी झेंडी दाखविणाऱ्या गार्डाला पगार ठरल्या दिवशी मिळण्याची कायदेशीर हमी. आणि त्याच गाडीत पेट्या सांभाळीत बसलेल्या नटाला ती नाही.

तोवर बोलपट आला होता. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर प्रेक्षक तिकडे वळला. कर्जाखालच्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. बिऱ्हाड मोडले तेव्हा उतारवयाच्या नटाजवळ ना साठविलेला पैसा, ना फंड, ना पेन्शन. 1954-55 पासून सरकारने वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणे सुरू केले, ते या दैन्याचेच उशिरा आलेले उत्तर म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर ठेकेदारी रंगभूमी आली आणि मोबदल्याचे माप बदलले. महिन्याचा पगार गेला, ‘नाईट’ आली. जितके प्रयोग, तितक्या नाईटी. नट मोकळा झाला. एकाच वेळी दोन-तीन नाटकांत काम करू लागला, भाव ठरवू लागला. मालकाची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही. हा लाभ लहान नव्हे. पण जोखीम मात्र मंडळीच्या खांद्यावरून उतरून नटाच्या आणि पडद्यामागच्या कामगाराच्या खांद्यावर बसली. प्रयोग रद्द, तर नाईट रद्द.

प्रवासापुरती एक सोय होती. नाटक मंडळ्यांच्या धंदेवाईक कलावंतांना प्रयोगासाठी जाताना रेल्वे दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात 75 टक्के सूट देत असे. मार्च 2020 मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबविल्या, त्यांत हीही गेली. त्याच महिन्यात साथीमुळे नाट्यगृहे बंद झाली, आणि प्लेगच्या काळचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी तर मधल्या काळची सामाईक चूलही नव्हती. पडदे ओढणाऱ्या, दिवे लावणाऱ्या माणसांच्या घरी शिधा पोचला, तो देणाऱ्यांच्या दयेने.

चित्रपटातील कामगारांसाठी 1981 मध्ये कायदा झाला आणि लेखी कराराची अट त्यात आली. फिरत्या नाटकाच्या वाट्याला त्या कायद्यात काही आले नाही. म्हणून बिऱ्हाड परत आणा, असे मी म्हणणार नाही; त्या पंगतीत मिंधेपणही वाढले जाई. परंतु तीन गोष्टी कागदावर याव्यात, एवढे मागणे जास्त नाही: प्रवासखर्च कोणाचा, गाडी सुटल्यावर प्रयोग रद्द झाला तर मोबदला किती, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कोणाचा. नटावर प्रेम आपण पुष्कळ केले आहे. त्याचा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.